फराळाच्या डब्यातला फोन

मागच्या दिवाळीत पाडव्याच्या संध्याकाळी आमच्याकडे चार घरची माणसं फराळाला आली होती. दोन घरं आपली मराठी, एक तेलुगू आणि एक हाँगकाँगचं. हाँगकाँगची मैत्रीण म्हणजे माझ्या लेकीच्या वर्गातल्या एका मुलीची आई. शाळेच्या फाटकाशी छत्री धरून उभं राहता राहता आमची ओळख झाली, इथल्या पावसाला नावं ठेवत ती वाढली आणि आता एकमेकींच्या घराची एकेक किल्ली एकमेकींकडे असते. तिला चकली अतिशय आवडते. अनारशाकडे मात्र ती अजून संशयानं बघते.

त्या संध्याकाळी मी भरपूर फोटो काढले. पाहुणे गेल्यावर, भांडी आवरून झाल्यावर, त्यातले पाच-सहा वर्गाच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. दहा मिनिटांत तिचा फोन आला. मेसेज नाही, फोन. तिसरा फोटो काढून टाकशील का, आत्ता, लगेच.

मी काढला. मग शांतपणे बघितला. ती रांगोळीशेजारी पणती ठेवत होती. मागे खुर्चीवर तिची कापडी पिशवी, आणि पिशवीला नखाएवढा एक बिल्ला. पिवळी छत्री. बस, एवढंच.

खरं सांगते, मला थोडा राग आला. आपल्या घरचा सण, आपण हौसेनं काढलेला फोटो, त्यात एवढं काय? दुसऱ्या दिवशी मुलांना सोडून आल्यावर ती चहाला आली आणि म्हणाली, त्या ग्रुपमध्ये ३१ जण आहेत. त्यातले मला ९ माहीत आहेत. उरलेल्या २२ जणांचे नातेवाईक कोण, त्यांचे ग्रुप कोणते, ते मला माहीत नाही. माझे आईवडील अजून तिथे आहेत.

मी राज्यशास्त्रात एम.ए. केलंय. सांगलीत सहा वर्षं नववी-दहावीला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. संविधानाचं कलम १९, त्यातली स्वातंत्र्यं, फळ्यावर क्रमानं लिहून द्यायचे. मुलं पाठ करायची, पेपरात लिहायची, मी लाल पेननं बरोबरच्या खुणा करायचे. एखाद्या बाईला फराळाच्या फोटोची भीती वाटू शकते, हे त्या सहा वर्षांत माझ्या मनातही आलं नव्हतं.

या मैत्रिणीचं नाव मी देत नाही. आम्ही कुठे राहतो, तेही सांगत नाही. हा लेख लिहून झाल्यावर मी तिला बसवून इंग्रजीत वाचून दाखवला. तिनं तीन गोष्टी काढायला सांगितल्या, दोन बदलायला सांगितल्या. तसं केलं आहे.

इंग्रजांनी हाँगकाँग चीनच्या हवाली केलं ते १ जुलै १९९७ ला. करार असा, की ५० वर्षं, म्हणजे २०४७ पर्यंत, तिथली व्यवस्था तशीच राहील. वेगळी न्यायालयं, वेगळं चलन, मोकळी वर्तमानपत्रं. 'एक देश, दोन व्यवस्था' हे आम्ही एम.ए.ला एका ओळीच्या टिपेत उरकलं होतं. २०१४ साली तिथल्या लोकांना वाटलं, की आपला मुख्य प्रशासक आपल्याला खऱ्या अर्थानं निवडू द्या. सप्टेंबरच्या २८ तारखेला पोलिसांनी अश्रुधूर सोडला, पोरांनी तोंडावर छत्र्या धरल्या आणि त्या आंदोलनाला छत्रीचं नाव पडलं. ७९ दिवस रस्ते अडवून लोक बसले होते. मिळालं काहीच नाही. पिवळी छत्री राहिली.

तेव्हा अफवा होती की सरकार मोबाइलचं जाळं बंद करणार. म्हणून हजारो पोरांनी 'फायरचॅट' नावाचं ॲप घेतलं. हे ॲप इंटरनेटशिवाय चालायचं. ब्लूटूथवरून तुमच्या फोनचा निरोप शेजारच्या फोनला, तिथून पुढच्याला, असं करत करत गर्दीतून सरकत जायचा. मी वर्गात शिकवत असताना शेवटच्या बाकावरची चिठ्ठी खिडकीकडच्या रांगेत कशी पोचायची, ते डोळ्यांपुढे आणा. अगदी तसंच. फक्त एक अडचण. चिठ्ठी ज्या ज्या हातातून जाते, तो प्रत्येक हात ती उघडून वाचू शकतो. पुढे २०१९ मध्ये याच प्रकारचं 'ब्रिजफाय' नावाचं ॲप लोक वापरायला लागले आणि २०२० साली इथल्याच, लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे कॉलेजमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की त्यातले निरोप वाचता येतात आणि कोण कुणाशी बोलतंय तेही कळू शकतं. लोक जिवावर उदार होऊन ज्याच्यावर विसंबले होते, ती कडी आतून लागतच नव्हती.

२०१९ चं आंदोलन सुरू झालं एका विधेयकावरून. आरोपींना खटल्यासाठी चीनमध्ये पाठवता येईल, असा तो कायदा होता. ९ जूनला मोर्चा निघाला. आयोजक म्हणाले दहा लाख, पोलिस म्हणाले २ लाख ४० हजार. १६ जूनला आयोजकांच्या म्हणण्याप्रमाणे वीस लाख. सगळ्या हाँगकाँगची वस्ती पाऊण कोटी आहे, यावरून अंदाज करा. त्या गर्दीत रुग्णवाहिका आली तेव्हा लोक दोन बाजूंना सरले आणि मधून वाट झाली. तो व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. आमच्या सांगलीच्या घराच्या ग्रुपवरही तो आला होता, सोबत "शिस्त बघा" असा शेरा. कशासाठी मोर्चा होता, ते कुणी लिहिलं नव्हतं.

या वेळी आंदोलनाला पुढारी नव्हता, आणि ते मुद्दाम. २०१४ च्या पुढाऱ्यांना तुरुंगात जावं लागलं होतं. मग निर्णय कसे घ्यायचे? 'एलआयएचकेजी' नावाची एक चर्चेची जागा होती, तिथे कुणीही सूचना मांडायची, बाकीच्यांनी वर किंवा खाली मत द्यायचं. चांगली सूचना वर चढायची. बाकी सगळं टेलिग्रामवर. पोलिस कुठे आहेत ते सांगणारे वेगळे, प्रथमोपचाराचे वेगळे, पोस्टर काढणारे वेगळे, वकिलांचे वेगळे. पोलिस मुख्यालयाबाहेर बसलेल्या लोकांनी घरी जायचं की थांबायचं यावर फोनवरच मतदान घेतलं. माझ्यातल्या मास्तरणीला याचं भारी कौतुक वाटलं. वर्गप्रतिनिधीच्या निवडणुकीत ४० मुलांची मतं मोजताना माझी अर्धी शाळा निघून जायची.

सरकारलाही हे दिसतच होतं. ११ जूनच्या रात्री हजारो सदस्य असलेल्या एका टेलिग्राम ग्रुपच्या चालकाला पोलिसांनी घरातून उचललं. तो मोर्चात नव्हता, घरी होता. दुसऱ्या दिवशी, विधिमंडळाबाहेर अश्रुधूर आणि रबरी गोळ्या चालू असताना, टेलिग्रामवरच प्रचंड हल्ला झाला. बनावट मागण्यांचा एवढा लोंढा सोडायचा की खऱ्या माणसांना दार सापडू नये, असा तो प्रकार. टेलिग्रामचे संस्थापक पावेल दुरोव यांनी सांगितलं, की हल्ला करणारे पत्ते बहुतेक चीनमधले होते.

मैत्रीण त्या वेळी ऑफिसात नोकरी करायची. तिनं दगड उचलला नाही, मुखवटा घातला नाही. तिनं काय केलं? मुलांना शाळेतून आणलं. म्हणजे असं: मोर्चा पांगल्यावर पोलिस मेट्रोची स्टेशनं बंद करायचे, पोरं कुठेतरी अडकायची. मग टेलिग्रामवर निरोप फिरायचा, "शाळा सुटली, मुलांना आणायला कोण येतंय?" आणि ज्यांच्याकडे गाडी आहे ते मध्यमवयीन लोक गाडी काढून निघायचे. अनोळखी पोरं मागच्या सीटवर बसायची, कपड्यांना अश्रुधुराचा वास. नाव विचारायचं नाही, सांगायचं नाही. घराजवळच्या कोपऱ्यावर सोडायचं. १ सप्टेंबरच्या रात्री विमानतळाकडे जाणारी रेल्वे बंद झाली, हजारो लोक लांटाऊ बेटावरच्या महामार्गावरून चालत निघाले आणि शहरातून गाड्यांची रांगच रांग त्यांना आणायला गेली. त्या रांगेत तिच्या नवऱ्याची गाडी होती. चार पोरं आणली. त्यातला एक मुलगा वाटभर झोपला होता, असं तो सांगतो. एवढंच सांगतो.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त लक्षात राहिली ती तिकिटाची गोष्ट. तिथे 'ऑक्टोपस' नावाचं कार्ड आहे. मेट्रो, बस, दुकान, सगळीकडे चालतं, आणि तुम्ही कुठे चढलात, कुठे उतरलात, हे त्यात नोंदलं जातं. वीस वर्षं लोकांनी ते बिनदिक्कत वापरलं. जून २०१९ मध्ये अचानक मोर्चाच्या स्टेशनांवर रोख पैसे देऊन सुटं तिकीट काढणाऱ्यांच्या रांगा लागल्या. काही लोक तर यंत्रावर जास्तीची नाणी ठेवून जायचे, पुढच्याकडे सुटे नसतील म्हणून. इतकं सुधारलेलं शहर, आणि तिथली माणसं आपली ओळख लपवायला पुन्हा नाण्यांकडे वळली.

फोनच्या बाबतीत मात्र नाण्यांची सोय नव्हती. ऑगस्टमध्ये तिथल्या तंत्रज्ञांच्या लक्षात आलं, की टेलिग्रामवर नाव लपवलं तरी उपयोग नाही. हजारो फोन नंबर ओळीनं आपल्या फोनमध्ये साठवायचे, की त्यातला कुठला नंबर ग्रुपमधल्या कुठल्या टोपणनावाचा, हे ॲपच जुळवून द्यायचं. आणि नंबरावरून माणूस शोधणं सरकारला काय अवघड? कंपनीनं नंतर दुरुस्ती केली. पण जून ते ऑगस्ट जे बोलून झालं होतं ते झालं होतं.

पोरांची कल्पकता मात्र वाचावी तितकी थोडी. आयफोनच्या 'एअरड्रॉप'मधून गाडीतल्या अनोळखी प्रवाशांच्या फोनवर पत्रकं जायची. ७ जुलैला तर चीनमधून आलेल्या पर्यटकांना, त्यांना वाचता यावीत म्हणून सरळ केलेल्या चिनी लिपीत. एका विद्यार्थी नेत्याला दहा लेझर पॉइंटर विकत घेतल्याबद्दल पकडलं, तर दुसऱ्या रात्री लोक अवकाश संग्रहालयाच्या घुमटासमोर जमले आणि शेकडो लेझर त्यावर नाचवले. पोलिस कुठे आहेत हे दाखवणारा 'एचकेमॅप' नावाचा नकाशा होता. त्यात साध्या पोलिसांसाठी कुत्र्याचं चित्र आणि खास तुकडीसाठी डायनोसॉर. ॲपल कंपनीनं हे ॲप आधी नाकारलं, मग मान्य केलं आणि चीनच्या सरकारी वृत्तपत्रानं टीका केल्यावर १० ऑक्टोबर २०१९ ला पुन्हा काढून टाकलं. कंपनीचं म्हणणं, त्याचा वापर पोलिसांवर हल्ले करायला होतोय. स्वातंत्र्याची साधनं म्हणून आपण जी हातात धरतो, ती ज्यांच्या मालकीची आहेत त्यांचा कारखाना कुठे आहे, हाही प्रश्न असतोच.

आता जी बाजू मैत्रिणीला सांगायला आवडत नाही, पण तिनं गाळायला सांगितली नाही, ती. त्याच टेलिग्रामवर पोलिसांच्या बायकामुलांची नावं, पत्ते, शाळा टाकल्या गेल्या. उलट बाजूनं 'एचके लीक्स' नावाच्या ठिकाणी आंदोलकांची आणि पत्रकारांची तीच गत झाली. ३१ ऑगस्टला पोलिस प्रिन्स एडवर्ड स्टेशनात घुसून मारत सुटले, त्यानंतर तिथे माणसं मेली अशी बातमी फिरली. ती कधीच सिद्ध झाली नाही, पण स्टेशनबाहेर पांढरी फुलं महिनोन् महिने येत राहिली. नोव्हेंबरमध्ये वाद घालणाऱ्या एका माणसाला पेटवून दिलं गेलं. त्याच आठवड्यात दोन गटांच्या दगडफेकीत सत्तर वर्षांचा एक सफाई कामगार डोक्याला वीट लागून गेला. पुढारी नसण्याचा फायदा असतो तसा तोटाही असतो. थांबा म्हणायला कुणी नसतं.

आणि घरं फुटली. पिवळे म्हणजे आंदोलनाच्या बाजूचे, निळे म्हणजे पोलिसांच्या. मैत्रिणीचे वडील निळे, आई कुठल्याच रंगाची नाही. तिथल्या ज्येष्ठांचेही आपल्यासारखेच व्हॉट्सॲप ग्रुप असतात. सकाळी कमळाच्या फुलावर सुप्रभात, त्याखाली आरोग्याचा सल्ला आणि त्याखाली 'या पोरांना परदेशातून पैसे मिळतात' असा निरोप. वडिलांनी तो तिलाच पाठवला. त्या रात्री ती गाडी घेऊन पोरं आणायला गेली होती, हे त्यांना माहीत नव्हतं. तिनं उत्तर दिलं नाही. मग आठ महिने बापलेक बोलले नाहीत. हे ऐकताना मला आमचा आत्या-काका-मामा असलेला ग्रुप आठवला आणि मी विषय बदलला.

१ जुलै २०२० च्या एक तास आधी, म्हणजे ३० जूनच्या रात्री अकरा वाजता, चीननं केलेला राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू झाला. फुटीरता, राज्यसत्ता उलथवणं, दहशतवाद, परकीयांशी संगनमत. शिक्षा जन्मठेपेपर्यंत. लागू होईपर्यंत त्याचा मजकूर लोकांनी वाचलाही नव्हता.

ती रात्र तिनं कशी घालवली, ते तिनं मला सांगितलं. ती आणि नवरा सोफ्यावर दोन टोकांना बसले, दोघांच्या हातात फोन, आणि दोघं पुसत बसले. ग्रुप सोडले. जुने शेरे पुसले. पुसता पुसता वाचत होते, त्यामुळे वेळ लागत होता. मध्येच तिनं एक फोटो त्याला दाखवला, तो हसला, मग तिनं तो पुसला. पहाटे चारला झोपले. शहरभर हेच चाललं होतं. फोनवर 'सिग्नल' घेणाऱ्यांची रीघ लागली. ज्या भिंतींवर रंगीबेरंगी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, तिथल्या दुकानदारांनी त्या काढल्या आणि काही जणांनी जागी कोऱ्या चिठ्ठ्या लावल्या.

मला वाटतं, सगळ्या कहाणीचं मर्म याच रात्रीत आहे. इजिप्तमध्ये जानेवारी २०११ मध्ये होस्नी मुबारकांनी अख्ख्या देशाचं इंटरनेट बंद केलं, तर लोक चिडून रस्त्यावर आले. हाँगकाँगमध्ये ते बंद करणं परवडलं नसतं. बँका, शेअर बाजार, सगळं त्यावर. आणि बंद करायची गरजही पडली नाही. लोकांनी आपल्याच हातानं आपलं बोलणं पुसलं.

सगळंच पुसलं गेलं नाही. जुलै २०२० मध्ये लोकशाहीवादी पक्षांनी आपले उमेदवार ठरवायला प्राथमिक निवडणूक घेतली. मतदान फोनवरून. सव्वासहा लाखांच्या जवळपास, ६ लाख १० हजार लोकांनी मत दिलं. आदल्या दिवशी पोलिसांनी मतदानाची यंत्रणा सांभाळणाऱ्या संस्थेवर छापा घातला होता, तरीही. त्या निवडणुकीबद्दल ४७ जणांवर खटला भरला गेला, ४५ दोषी ठरले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांना चार ते दहा वर्षांच्या शिक्षा झाल्या. जून २०२१ मध्ये 'ॲपल डेली' हे वर्तमानपत्र बंद पडलं. त्याचे मालक जिमी लाय डिसेंबर २०२० पासून तुरुंगात आहेत. शेवटच्या अंकाच्या दहा लाख प्रती निघाल्या, पहाटेपासून रांगा लागल्या. मध्यरात्री इंटरनेटवरची पानं अंधारात जाणार हे कळल्यावर अनोळखी पोरांनी रात्र जागून हजारो लेख उतरवून घेतले आणि कुणालाच पुसता येणार नाहीत अशा जागी, जगभर विखुरलेल्या संगणकांवर ठेवले. पोथ्या पुरून ठेवण्यासारखंच हे.

इथे ब्रिटननं ३१ जानेवारी २०२१ पासून, हस्तांतराआधी नोंद झालेल्या हाँगकाँगकरांना आणि त्यांच्या कुटुंबाला व्हिसा देणं सुरू केलं. दीड लाखाहून जास्त लोक आले. सटन, रेडिंग, मँचेस्टर, वॉरिंग्टन, जिथे चांगल्या शाळा आणि परवडणारी घरं तिथे. म्हणजे जिथे आपणही राहतो तिथेच. तुमच्याही मुलांच्या वर्गात त्यांची मुलं असतील.

इथे आल्यावर तरी भीती संपायला हवी ना? मी तिला हेच विचारलं. तिनं मला त्या कायद्याचं ३८ वं कलम दाखवलं. हाँगकाँगचा रहिवासी नसलेल्या माणसानं हाँगकाँगबाहेर केलेल्या कृत्यालाही तो कायदा लागू होतो. म्हणजे शब्दशः वाचलं तर मलाही. जपानमध्ये शिकणारी एक विद्यार्थिनी ओळखपत्राच्या कामासाठी मार्च २०२३ मध्ये घरी गेली, तर तिला पकडलं. कारण, फेसबुक-इन्स्टाग्रामवरचा तिचा मजकूर, त्यातला बहुतेक जपानमध्ये बसून लिहिलेला. दोन महिन्यांची शिक्षा झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये परदेशात राहणाऱ्या आठ कार्यकर्त्यांवर प्रत्येकी दहा लाख हाँगकाँग डॉलरचं इनाम लागलं. त्यातले काही इथेच, ब्रिटनमध्ये राहतात. पुढे आणखी नावं वाढली.

सांगलीला बाबांशी रविवारी फोनवर बोलताना मी हे सगळं सांगितलं. बाबा १९७५ साली कॉलेजात होते. आणीबाणीत त्यांच्या मित्राच्या मामांकडे सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. रात्री दार लावून स्टेन्सिल कापायचं, रूळ फिरवायचा आणि सकाळी कागद कॉलेजच्या फायलीतून पोचवायचे. कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून काय बोलल्या, हे बाबांना वर्तमानपत्रातून नाही, तशाच एका शाई फुटलेल्या कागदावरून कळलं होतं. ते म्हणाले, "अगं, आमचा कागद बरा होता. तो कुणाच्या हातून आला, हे कागद सांगत नाही. तुमचा फोन सगळं सांगतो." मग म्हणाले, "पण आमचा कागद विश्रामबागेच्या पुढे जात नव्हता, हेही खरं."

मैत्रिणीनं एकदा मला सरळ विचारलं, आम्ही रस्त्यावर होतो त्याच ऑगस्टमध्ये तुमच्याकडे काश्मीरमध्ये इंटरनेट बंद होतं ना? होतं. ऑगस्ट २०१९ पासून. जानेवारी २०२० मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अनिश्चित काळ इंटरनेट बंद ठेवता येणार नाही आणि इंटरनेटवरून बोलण्यालाही कलम १९ चं संरक्षण आहे. ४जी पूर्ववत व्हायला मात्र फेब्रुवारी २०२१ उजाडला. मी तिला सांगितलं, की आमच्याकडे न्यायालय आहे, निवडणुका आहेत, सरकारं बदलतात, आमचं तसं नाही. ती म्हणाली, हो, माहीत आहे. आणि तिनं चकली घेतली. तिनं वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

या वर्षी फेब्रुवारीत तिच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. ज्यांच्याशी ती आठ महिने बोलली नव्हती, तेच. नंतर समेट झाला होता, म्हणजे कुणीच तो विषय काढत नव्हतं. तिची मुलगी दर रविवारी पोपोशी, म्हणजे आजीशी, व्हिडिओवर बोलते. आजी काही म्हणाली नाही, पण या रविवारी तिनं कॅमेरा मुद्दाम कॉटकडे वळवला.

जायचं की नाही, यावर दोन आठवडे गेले. नवऱ्यानं जायचं नाही, हे आधी ठरलं. मुलीलाही न्यायचं नाही. तिच्यावर कुठलाही गुन्हा नाही, तिचं नाव कुठे नाही. बहुधा काहीच होणार नाही. पण 'बहुधा' या शब्दावर विमानात बसायचं असतं. ती एक स्वस्तातला नवा फोन घेऊन आली. त्यात फक्त आई, नवरा, मी आणि मुलीची शाळा. तिच्या पर्समधून तो बिल्ला निघाला. कपड्यांच्या कपाटात एक काळा टीशर्ट होता, तोही तिनं बाजूला काढला. मग एका सकाळी ती आमच्याकडे जुना फोन घेऊन आली. त्या जूनच्या रात्री तिनं सगळं पुसलं होतं, असं ती मला आजवर सांगत होती. ते पूर्ण खरं नव्हतं. एक फोन तिनं तसाच ठेवला होता.

घरात ठेवायला नको, म्हणाली. आपल्याच घरात, इंग्लंडमध्ये. मी काही बोलले नाही. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर माझा स्टीलचा मोठा डबा असतो, त्यात सोऱ्या, करंजीचं कातणं, शंकरपाळ्याचं पाटुकलं असं वर्षातून एकदा लागणारं सामान. फोन टॉवेलात गुंडाळून मी त्यात ठेवला.

ती तीन आठवडे गेली होती. दोन्ही मुलींना शाळेतून मी आणायचे. ती तिथून रोज एकच ओळ पाठवायची, तिथल्या हवेबद्दल. आज ऊन. आज दमट. आज फार दमट. हवा बरी म्हणजे सगळं बरं, असं आमचं ठरलं होतं. एक दिवस ओळ आली नाही. मी रात्री एक वाजता उठून फोन बघितला, दोनला बघितला, तीनला नवरा म्हणाला आता तरी झोप. सकाळी साडेसातला आली, 'वादळ होतं, शाळा बंद, वीज गेली होती'. आणि मला कळेना, की हे वादळ खरं वादळ आहे की आमच्यातलं. खरंच होतं. मी हवामानाची बातमी शोधून खात्री केली, आणि मग माझी मलाच लाज वाटली. एका ओळीत मी इतकं शोधायला लागले होते. ती सहा वर्षं अशीच वाचतेय.

विमानतळावर तिला कुणी काही विचारलं नाही, जातानाही नाही, येतानाही नाही. वडील आता काठी घेऊन चालतात. तिथे असताना त्यांनी तिला एकदाच विचारलं, की इकडे थंडी फार असते का. ती म्हणाली, असते. ते म्हणाले, मग मफलर घेऊन जा. तो मफलर आता ती जूनमध्येसुद्धा घालते.

फोन तिनं परत नेला नाही. मी दोनदा विचारलं. राहू दे, म्हणाली. फक्त दोन-तीन महिन्यांनी चार्ज करत जा, नाहीतर बॅटरी कायमची जाईल. आता हा लेख छापून येणार म्हणून मी त्याची जागा बदलली आहे. डबा उघडून बघायला कुणी आलंच, तर सोऱ्याच सापडेल. परवा चकल्यांसाठी तो काढला तेव्हा आठवलं, आणि फोन चार्जिंगला लावला. थोड्या वेळानं पडदा उजळला आणि त्यानं सहा आकडी पासवर्ड मागितला. मला तो माहीत नाही. मी विचारलेला नाही.

या पाडव्यालाही ती येणार आहे. फोटो काढणार आहोत, चकलीच्या ताटाचे.